साडेतीन महिने दुखणारा घसा आणि कानात जाणारी कळ

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मी ५३ वर्षांचा असून लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम आहे. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक जोरात असताना सर्दी-खोकला झाला. तो आठ दिवसांत गेला, घसा मात्र तेव्हापासून खवखवतोच आहे. त्याला आता साडेतीन महिने झाले. सकाळी उठल्यावर त्रास जास्त असतो, कफ अडकल्यासारखा वाटतो, दिवसभर खाकरावे लागते आणि संध्याकाळी आवाज बसतो. ताप नाही. थोडा खोकला आहे. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, प्रत्येक वेळी चार दिवस बरे वाटले आणि पुन्हा तेच. मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध, रात्री झोपताना हळदीचे दूध हे सगळे चालू आहे. हिशेब आटोपून घरी जेवायला रात्रीचे साडेदहा वाजतात. तंबाखू मळून खाण्याची सवय तरुणपणापासून आहे, विडी-सिगारेट कधीच ओढली नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे. कधी कधी गिळताना उजव्या कानात कळ जाते, पण आमच्या डॉक्टरांनी कानात पाहून कान स्वच्छ असल्याचे सांगितले. यापेक्षा भारी अँटिबायोटिक घ्यावे का? टॉन्सिल काढावे लागतील का? माझ्या ताटात जेवणाऱ्या नातवाला याची लागण होईल का?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मी देणार आहे, परंतु तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, ती केवळ जाता जाता लिहिली आहे. गिळताना उजव्या कानात कळ जाते आणि कान मात्र स्वच्छ आहे, हे ते वाक्य. त्यामुळे सर्वप्रथम एवढेच सांगतो की, याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, घसा दुर्बिणीने खालपर्यंत तपासून घ्या आणि ती तपासणी होईपर्यंत अँटिबायोटिकचा चौथा कोर्स सुरू करू नका.

कानाचा आणि घशाचा संबंध असा आहे की, मेंदूतून निघणाऱ्या बारा मज्जातंतूंच्या जोड्यांपैकी नववी आणि दहावी जोडी जिभेच्या मागच्या भागाला, टॉन्सिलला, घशाच्या खालच्या भागाला आणि स्वरयंत्राला संवेदना पुरवते, आणि त्याच तंतूंच्या शाखा कानातही जातात. घशात खोलवर काही दुखत असेल तर मेंदूला ती वेदना कानातून आल्यासारखी भासते. टॉन्सिलला सूज आली तरी असे होते, अक्कलदाढ किडली किंवा जबड्याचा सांधा दुखावला तरी होते. मात्र पन्नाशी ओलांडलेल्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाचा घसा तीन आठवड्यांहून अधिक काळ दुखत असेल आणि कळ एकाच बाजूच्या कानात जात असेल, तर घशाच्या किंवा जिभेच्या मुळाच्या कर्करोगाची शक्यता आधी वगळावी लागते. हा शब्द तुम्ही पत्रात लिहिलेला नाही, पण तो तुमच्या मनात येऊन गेला असावा असे मला वाटते, म्हणून तो मी स्पष्ट लिहितो आहे. अशाच तक्रारी घेऊन येणाऱ्या पुष्कळ माणसांच्या घशात तपासणीनंतर साधी सूज निघते. तुमच्या घशात काय आहे हे पत्रावरून मी ठरवू शकत नाही आणि कोणीही ठरवू नये, कारण जिभेच्या मुळाशी, स्वरयंत्राच्या बाजूच्या खळगीत किंवा अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली जखम तोंड उघडून, बॅटरीच्या उजेडात ‘आऽऽ’ म्हणायला लावले तरी दिसत नाही.

या तपासणीची धास्ती घेऊन लोक महिनोन् महिने टाळाटाळ करतात, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. डॉक्टर आधी तोंड, गालांच्या आतल्या बाजू, जीभ आणि मान तपासतात. मानेत गाठ आहे का हे बोटांनी चाचपतात आणि जिभेच्या मुळाशीही हातमोजा घातलेल्या बोटाने दाबून पाहतात, कारण तेथील कडकपणा काही वेळा डोळ्यांआधी बोटाला कळतो. त्यानंतर नाकात बधिर करणारे औषध फवारून एक बारीक, लवचीक नळीची दुर्बीण नाकावाटे घशापर्यंत नेतात. भूल द्यावी लागत नाही, काम काही मिनिटांत होते, थोडी गुदगुली होते आणि डोळ्यांत पाणी येते, इतकेच. नंतर घसा बधिर असेपर्यंत काही खाऊ-पिऊ नये, म्हणजे ठसका लागत नाही. आत जखम किंवा गाठ दिसलीच तर तिचा लहानसा तुकडा काढून तपासणीला पाठवतात. तुकडा काढला की रोग पसरतो, हा आपल्याकडचा फार जुना आणि फार घातक समज आहे. घशाच्या बाबतीत तुकडा तपासल्याशिवाय निदानच होत नाही आणि निदानाला जितका उशीर होतो तितके उपचार अवघड होतात.

लातूरमध्येच विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या रुग्णालयात ही तपासणी होऊ शकते. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथेही कान-नाक-घसा विभाग आहेत. पुढे गरज पडलीच तर संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचार यांचा समावेश आहे. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधार कार्ड जवळ असू द्या. खर्चाच्या धास्तीने पहिली तपासणीच लांबवणे योग्य होणार नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. भारी अँटिबायोटिक घेऊ नका. दिवाळीत जी सर्दी झाली ती बहुधा विषाणूची होती आणि विषाणूवर अँटिबायोटिकचा परिणाम होत नाही. प्रौढांमधील घसादुखीची बहुसंख्य प्रकरणे विषाणूंमुळेच होतात आणि आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरी होतात. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूमुळे होणारी घसादुखी प्रौढांत त्या मानाने कमी आढळते. तिच्यात सहसा ताप असतो, मानेच्या गाठी दुखतात, टॉन्सिलवर पांढरट थर दिसतो आणि खोकला व सर्दी नसते. तुम्हाला ताप नाही आणि खोकला मात्र आहे, म्हणजे हे चित्र तुमच्याशी जुळत नाही. शिवाय असा संसर्गही योग्य औषधाच्या एका कोर्सने बरा होतो, साडेतीन महिने रेंगाळत नाही. प्रत्येक कोर्सबरोबर तुम्हाला चार दिवस बरे का वाटले, हा प्रश्न रास्त आहे. त्याची कारणे अनेक असू शकतात. अँटिबायोटिकबरोबर बहुतेक वेळा वेदनाशामक आणि सूज उतरवणारी गोळी दिली जाते, पोटाला त्रास होऊ नये म्हणून आम्ल कमी करणारी गोळीही दिली जाते, आणि आजारी म्हणून माणूस त्या चार दिवसांत बोलतो कमी, जेवतो लवकर आणि झोपतो जास्त. तुमच्या तिन्ही चिठ्ठ्या सापडल्या तर तज्ज्ञांना दाखवा, कारण त्यांतील नेमक्या कोणत्या गोळीने गुण आला यावरूनही काही बोध होतो.

अँटिबायोटिक वारंवार घेण्यात आणखी दोन धोके आहेत. तोंडातील नेहमीचे निरुपद्रवी जिवाणू मारले गेले की तेथे कँडिडा ही बुरशी वाढते, घशात पांढरे चट्टे येतात, आग होते आणि तिखट सोसत नाही. मधुमेह असेल तर ही शक्यता वाढते. तुम्ही रक्तातील साखर कधी तपासली होती ते लिहिलेले नाही, तेव्हा ती एकदा तपासून घ्या. दुसरा धोका क्षयरोगाशी संबंधित आहे. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी काही अँटिबायोटिके क्षयाच्या जंतूंवरही काम करतात, त्यामुळे थोडे दिवस बरे वाटते, आजार झाकला जातो आणि निदानाला उशीर होतो.

तीन आठवड्यांनंतरही न थांबणाऱ्या घसादुखीचे कारण बहुतेक वेळा जंतूंपेक्षा रोजच्या रोज घशाला लागणाऱ्या कशात तरी असते, आणि ते कारण शोधायला माणसाचा दिवस पाहावा लागतो. तुम्ही तुमचा दिवस प्रामाणिकपणे लिहिला, त्यामुळे माझे काम सोपे झाले. दुर्बिणीत काही गंभीर दिसले नाही, तर ज्याच्यावर मी सर्वाधिक भर देईन ते म्हणजे तुमचे रात्रीचे जेवण.

साडेदहाला जेवण, त्यावर झोपताना पेलाभर दूध आणि लगेच आडवे होणे, यामुळे भरलेल्या पोटातील आम्ल आणि पचनरस अन्ननलिकेतून वर चढून थेट घशापर्यंत येतात. अन्ननलिकेच्या मानाने स्वरयंत्राचे आवरण अधिक नाजूक असते, त्यामुळे थोडेसे आम्लही त्याला पुरते. अशा माणसाला छातीत जळजळ किंवा करपट ढेकर होईलच असे नाही. पुष्कळांना ‘मला अ‍ॅसिडिटी नाहीच’ अशी खात्री असते. त्यांची तक्रार सकाळी उठल्यावर घसा ओरबाडल्यासारखा वाटणे, घशात गोळा अडकल्याची भावना, सारखे खाकरणे आणि बसलेला आवाज अशी असते. तुमचे वर्णन याच्याशी पुष्कळसे जुळते. हळदीचे दूध वाईट नाही, पण झोपण्यापूर्वी पोट भरणारे काहीही तुमच्या घशाला सोसणार नाही. ते प्यायचेच असेल तर संध्याकाळी प्या.

येथे एक सावधगिरीही सांगायला हवी. घशाची कोणतीही जुनी तक्रार आली की आम्लपित्ताची गोळी महिनोन् महिने सुरू ठेवायची, अशी पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. ब्रिटनमध्ये घशाच्या दीर्घकाळच्या तक्रारी असलेल्या रुग्णांना १६ आठवडे लॅन्सोप्राझोल ही गोळी देऊन एक मोठी चाचणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळीपेक्षा त्या औषधाचा अधिक फायदा आढळला नाही. छातीत जळजळ, आंबट पाणी तोंडात येणे ही लक्षणेही असतील तर गोळीचा उपयोग होतो, आणि ती किती दिवस घ्यायची हे तुमचे डॉक्टर ठरवतील. तथापि जेवणाची वेळ न बदलता केवळ गोळीवर विसंबून राहिल्यास फार काही हाती लागेल असे मला वाटत नाही. जेवण आणि झोप यांत किमान तीन तासांचे अंतर हवे. मोंढ्यातील काम साडेनऊपर्यंत चालत असेल, तर संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास दुकानावरच डब्यातली भाकरी-भाजी खाऊन घ्या आणि घरी आल्यावर थोडेसे ताक-भात किंवा वरण-भात यावर भागवा. येसराची झणझणीत आमटी, ठेचा, तळलेले पदार्थ रात्री न घेता दुपारच्या जेवणात घ्या. दिवसभरातील चहाचे कप कमी करा, विशेषतः रिकाम्या पोटी आणि रात्रीचा चहा. पलंगाच्या उशाकडील दोन्ही पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा-आठ इंच उचला. नुसत्या जादा उशा घेतल्याने मान वाकते आणि पोट दाबले जाते. पोट सुटले असेल तर वजन उतरवणे हाही यातला उपायच आहे.

त्याखालोखाल धूळ. मोंढ्यात सोयाबीन आणि तुरीची पोती उसवून ढीग लागतात, चाळण्या चालतात, मापे होतात, आणि तो बारीक भुसा दिवसभर हवेत तरंगत असतो. नाकाच्या आतील आवरणाला त्याची अ‍ॅलर्जी झाली की शिंका आणि वाहणारे नाक एवढ्यावरच ते थांबत नाही. नाकातील स्राव मागच्या बाजूने घशात उतरत राहतो, तोच तुम्हाला अडकलेल्या कफासारखा वाटू शकतो. नाक चोंदले की रात्री तोंड उघडे ठेवून श्वास घेतला जातो आणि सकाळी घसा कोरडाठाक पडतो. तुम्ही घोरता का, नाकाचे हाड वाकडे आहे का, हे तपासणीत कळेल. हळदीच्या हंगामात हिंगोली-वसमतकडे हळद पॉलिश करणाऱ्यांना, जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांना, मळणी यंत्रावर उभे राहणाऱ्या मजुरांना आणि तुराट्या-पऱ्हाट्यांच्या चुलीसमोर बसून स्वयंपाक करणाऱ्या बायकांनाही याच कारणाने महिनोन् महिने घशाचा त्रास होतो, आणि हवा बदलल्याशिवाय त्यांना औषधाने पुरता आराम पडत नाही. तुम्ही दुकानावर असताना एन-९५ प्रकारचा मास्क नीट घट्ट बसवून वापरा. उपरण्याने बारीक धूळ अडत नाही. घरी आल्यावर मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवा, त्यासाठी उकळून निववलेलेच पाणी घ्या. अ‍ॅलर्जी ठरली तर नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा डॉक्टर देतात. तो नियमित वापरावा लागतो आणि पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात, म्हणून दोन दिवसांत गुण नाही म्हणून तो सोडू नये.

आवाजाविषयी थोडेच लिहितो. सौद्याच्या वेळी गलक्यात बोली ओरडून सांगणे, फोनवर मोठ्याने बोलणे आणि त्यावर दिवसभर खाकरणे, यांत स्वरतंतू एकमेकांवर आपटत राहतात, सुजतात, सुजले की आणखी कफ अडकल्यासारखे वाटते आणि आणखी खाकरावेसे वाटते. खाकरण्याची ऊर्मी आली की पाण्याचा एक घोट घ्या किंवा नुसता आवंढा गिळा. कुजबुजणे म्हणजे आवाजाला विश्रांती, असे समजू नका, त्यानेही ताण पडतो. हळू पण नेहमीच्या आवाजात बोला. तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला आवाज हेही दुर्बीण घालून पाहण्याचे स्वतंत्र कारण आहे, मग घसा दुखत असो वा नसो.

रक्तदाबाच्या गोळीचे नाव तुम्ही कळवलेले नाही. एनालाप्रिल, रामिप्रिल या गटातील गोळ्यांमुळे काही जणांना कोरडा खोकला आणि घशात सतत खवखव होते, आणि गोळी बदलली की काही आठवड्यांत ती थांबते. तुमची गोळी त्या गटातील असेल तर डॉक्टरांना सांगून बदलून घ्या, परंतु स्वतःहून बंद करू नका. या पत्राच्या निमित्ताने इतर वाचकांनाही सांगावेसे वाटते की, दम्यासाठी स्टिरॉइडचा पंप घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी चूळ भरून गुळणी करावी, नाहीतर घशात बुरशी वाढते. आणि थायरॉइड वाढल्याबद्दल कार्बिमाझोल घेणाऱ्यांचा घसा तापासह दुखू लागला तर त्याच दिवशी गोळी थांबवून डॉक्टरांना गाठावे व रक्तातील पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात, कारण या औषधाने क्वचित त्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात.

क्षयरोगाचा विचार तुमच्या बाबतीत करावा लागेल, कारण खोकलाही आहे. स्वरयंत्राचा क्षय फुप्फुसाच्या क्षयापेक्षा कमी दिसतो, पण आपल्याकडे तो दिसतो. आवाज बसणे, गिळताना दुखणे, वजन घटणे, संध्याकाळी बारीक ताप आणि रात्री घाम ही त्याची लक्षणे आहेत. छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी शासकीय रुग्णालयात मोफत होते, उपचारही मोफत आहेत. गेल्या काही महिन्यांत कपडे सैल झाले असतील, तर ते तज्ज्ञांना आवर्जून सांगा. ज्या स्त्रियांना रक्त कमी असल्याचे निदान झाले आहे आणि घन घास घशात अडकतो, त्यांनीही हे केवळ अशक्तपणाचे लक्षण समजू नये. लोहाच्या दीर्घ कमतरतेत अन्ननलिकेच्या तोंडाशी पातळ पडदा तयार होऊ शकतो आणि त्याचे पुढे कर्करोगात रूपांतर होण्याचा धोका असतो.

आता तंबाखू. तुम्ही विडी-सिगारेट ओढत नाही हे चांगले आहे, पण घशाच्या बाबतीत मळलेली तंबाखू निरुपद्रवी असते असे समजू नका. ओठात धरलेल्या गोळीचा रस लाळेत मिसळून दिवसभर घशाच्या खालच्या भागावरून जात राहतो. तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाशी त्याचा संबंध निर्विवाद सिद्ध झालेला आहे. चुना तोंडाच्या आतील आवरणाला भाजतो आणि निकोटीन अधिक वेगाने शोषले जायला मदत करतो. सुपारी तर तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलेले आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी असूनही तो आणि मावा आपल्या तरुणांच्या खिशात सापडतो, याचे मला मनापासून दुःख होते. घरात मिश्री लावणाऱ्या बायकांनाही हेच लागू आहे. तोंड उघडून स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का ते पाहा. जात नसतील, तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, गाल आतून पांढरट आणि कडक वाटत असतील, तर त्यासाठीही तपासणी आवश्यक आहे.

इतक्या वर्षांची सवय एका पत्राने सुटत नाही, हे मी जाणतो. मदत घेऊन ती सुटते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा १८००-११२-३५६ हा नि:शुल्क क्रमांक आहे, जिल्हा रुग्णालयांत तंबाखूमुक्ती केंद्रे आहेत, आणि निकोटीनची च्युइंगगम किंवा इतर औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात. पहिले काही दिवस चिडचिड, डोकेदुखी, बद्धकोष्ठता होते, दुकानावर हिशेबात लक्ष लागत नाही, ते उतरते. शेजारच्या गादीवरचे लोक डबी पुढे करतील तेव्हा काय म्हणायचे हे आधी ठरवून ठेवा, कारण पुष्कळ लोक पुन्हा तिथेच अडकतात. दुर्बिणीत काही निघाले नाही तरी तंबाखू सुरू ठेवण्याचा परवाना मिळाला असे मानू नका.

टॉन्सिलचा तुमचा दुसरा प्रश्न लवकर संपवता येईल. प्रौढांमध्ये टॉन्सिल काढण्याचा विचार प्रामुख्याने वारंवार येणाऱ्या, तापासह होणाऱ्या, नोंद असलेल्या टॉन्सिलच्या संसर्गासाठी होतो. सर्वसाधारण निकष असा की, एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा असा त्रास झालेला असावा. तुमची तक्रार एकदा सुरू झालेली आणि न थांबलेली आहे, तिला हे निकष लागू पडत नाहीत. टॉन्सिलच्या खाचांत पिवळट, दुर्गंधीयुक्त खडे अडकले असतील तर ते गुळण्यांनी निघतात. मात्र एका बाजूचे टॉन्सिल दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे मोठे दिसले, तर निदानासाठी त्याचा तुकडा घ्यावा किंवा ते काढावे लागू शकते, आणि तो निर्णय तपासणीनंतरचा आहे.

मिठाच्या गुळण्या चालू ठेवा. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरे, आराम पडतो आणि अपाय होत नाही. ज्येष्ठमध मात्र बेताने घ्या, कारण नियमित आणि जास्त प्रमाणात घेतल्यास त्याने रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते, आणि तुम्हाला तर रक्तदाबाची गोळी चालू आहे. कोणी पडजीभ पडली असे सांगून अंगठ्याने दाबून देतो म्हणाले, तर तसे करू देऊ नका. घशात जखम असेल तर त्याने रक्तस्राव होईल आणि सूज वाढेल.

तज्ज्ञांची भेट मिळेपर्यंत श्वास घेताना घरघर आवाज येऊ लागला, दम लागला, स्वतःची लाळही गिळता येईना, तापासह तोंड उघडणे बंद झाले किंवा थुंकीतून रक्त आले, तर वेळ ठरण्याची वाट न पाहता त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. मानेत गाठ हाताला लागली तर ती दुखत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. कर्करोगाच्या गाठी सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाहीत.

दुर्बिणीच्या तपासणीत काही आढळले नाही, तर जेवणाची वेळ, मास्क, नाक धुणे आणि तंबाखू बंद हे सगळे एकत्र सहा ते आठ आठवडे करून पाहा. घशाची सूज हळूहळू उतरते, दोन-चार दिवसांत निकाल लावू नका. कानातली कळ मात्र या काळात तशीच राहिली किंवा वाढली, घास अडकू लागला, आवाज आणखी बिघडला, तर पहिली तपासणी चांगली आली होती एवढ्यावर समाधान मानू नका. पुन्हा जा आणि मानेचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागेल का ते विचारा. काही जखमा आवरणाखाली दडलेल्या असतात आणि पहिल्या नजरेत दिसत नाहीत.

राहिला नातवाचा प्रश्न. आम्ल, धूळ, आवाजाचा ताण किंवा तंबाखू यांमुळे दुखणाऱ्या घशाची लागण कोणालाही होत नाही, आणि दिवाळीतील सर्दीचा विषाणू आता पसरण्याची शक्यता नाही. क्षयरोगही एका ताटात जेवल्याने पसरत नाही, तो खोकल्यातून हवेत उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून पसरतो. म्हणून एक्स-रे आणि थुंकीचा निकाल हाती येईपर्यंत खोकताना तोंडावर रुमाल धरा, खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि तेवढे दिवस नातवाला वेगळ्या खोलीत झोपवा. निकाल चांगला आला की त्यालाही तुमच्याजवळ झोपू द्या. मात्र त्याच्यासमोर तंबाखूची डबी उघडू नका.